पेण-रोह्याचे नाजीर

घरातल्या तरुण मुलाने केस वाढवायला घेतले, की आपल्याकडे पहिला आधार शोधला जातो तो संत पौलाचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात पुरुषाचे लांब केस त्याला भूषणावह नाहीत, हे तर निसर्गच सांगतो, अशा आशयाचा त्याचा सवाल आहे. वडील तो वाचून दाखवतात. मुलगाही काही कमी नसतो. तो भिंतीवरील पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे बोट दाखवतो आणि प्रभूच्या खांद्यावर रुळणाऱ्या केसांविषयी विचारतो. येथे बहुधा वाद संपतो, किंवा आवाज चढतो. आमच्या मते या वादात दोघांचेही शास्त्र अपुरे आहे. पुरुषाने केस का वाढवावेत, केव्हा उतरवावेत आणि उतरवलेल्या केसांचे काय करावे, याविषयी पवित्र शास्त्रात एक अख्खा अध्याय आहे. तो अध्याय नुसता ग्रंथात राहिलेला नाही. आपल्या कोकणात, पेण आणि रोह्याच्या मुलखात तो लहान मुलांच्या डोक्यांवर वाढत असे.

रायगड जिल्ह्याला 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. या जिल्ह्यातल्या गावांची नावे ज्यांच्या आडनावांत मुरली आहेत असा एक समाज म्हणजे बेने इस्राएल, अर्थात कोकणातले मराठी यहुदी. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहिमकर, दिवेकर ही आडनावे ऐकून कोणाला यहुदी माणूस आठवणार नाही. पण ती त्यांची आहेत. अष्टमी म्हणजे कुंडलिका नदीच्या पलीकडचे, रोह्याच्या समोरचे गाव. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतली सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. कोकणात त्यांनी तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली हे नाव दिले. हिब्रू भाषा ते विसरले, ग्रंथही हाती राहिले नाहीत; राहिले ते शब्बाथ, सुंता, खवले आणि पर नसलेला मासा न खाण्याचा नेम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. एकोणिसाव्या शतकात पेणेला आणि अष्टमीला त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली.

या समाजात एक नवस होता. ज्या स्त्रीला मुलगा नसे ती बोले, की मला मुलगा झाला तर त्याला मी नाजीर करीन. मुलगा झाला, की सहा-सात वर्षांचा होईपर्यंत त्याच्या केसांना वस्तरा अगर कातर लागत नसे. मुदत भरली म्हणजे आप्तेष्टांना बोलावून त्याचे डोके उतरवीत आणि ते केस तराजूच्या एका पारड्यात घालून दुसऱ्या पारड्यात तितके सोने किंवा रुपे घालीत. ते धन दानधर्मात जाई. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात हा नवस नोंदवला आहे. तो ग्रंथ छापून निघायला मात्र 1937 साल उजाडले, आणि तोही तेल अवीव येथे.

आता ‘गणना’ या पुस्तकाचा 6 वा अध्याय उघडावा. जो पुरुष किंवा स्त्री परमेश्वराप्रीत्यर्थ वेगळे होण्याचा नवस करील, त्या नाजीराला तीन बंधने आहेत. द्राक्षारस नको, ताजी द्राक्षे, मनुका, इतकेच काय, द्राक्षाची साल आणि बीदेखील नको. डोक्याला वस्तरा नको. आणि प्रेताला शिवायचे नाही, मग ते आईबापांचे का असेना. यातले तिसरे बंधन सर्वांत कठोर आहे, आणि त्यालाच जोडून एक विलक्षण कलम येते. नाजीराच्या शेजारी कोणी अकस्मात मेला, तर नाजीराचा काही दोष नसतानाही त्याचे केस विटाळले. सातव्या दिवशी त्याने मुंडन करावे, आठव्या दिवशी दोन होले किंवा पारव्याची दोन पिले अर्पण करावीत, आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी. मागचे दिवस बुडाले. म्हणजे नाजीराचे केस हे एका अर्थी त्याचे कॅलेंडरच होते: तासलेल्या डोक्यापासून जितके वाढले तितके दिवस देवाला दिले. मुदत पूर्ण झाली, की मंडपाच्या दाराशी पुन्हा मुंडन, आणि ते केस शांत्यर्पणाच्या यज्ञाखालच्या अग्नीत घालायचे. वाढवणे आणि उतरवणे हे दोन्ही एकाच नवसाचे भाग होते.

यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्ना या संग्रहात अशा नवसाची किमान मुदत तीस दिवसांची धरली आहे. त्याच ग्रंथात आदियाबेनेच्या हेलेना राणीची हकीकत येते. मुलगा युद्धावरून सुखरूप परतला तर मी सात वर्षे नाजीर राहीन, असे ती बोलली. मुलगा परतला. सात वर्षे भरली, तर पंडित म्हणाले, पवित्र देशाबाहेर काढलेली वर्षे धरता येत नाहीत, पुन्हा सात करा. ती सरत आली तोच विटाळ झाला. एका मताप्रमाणे राणीची एकवीस वर्षे त्यात गेली. राणी काय आणि कोकणातली तेलीण काय, नवस आईचाच आणि मुलासाठीच. पहिलीने स्वतःचे केस वाढवले, दुसरीने मुलाचे, एवढाच फरक.

मुलाचे केस वाढवणाऱ्या आया पवित्र शास्त्रातही आहेत. शमशोनाच्या आईला देवदूत सांगतो, की याच्या डोक्याला वस्तरा लागू नये. वांझ हन्ना शिलोच्या मंदिरात हाच शब्द देऊन शमुवेलाला मागून घेते. योहान बाप्तिस्ताच्या बाबतीत लूक केसांचा उल्लेख करीत नाही. द्राक्षारस व मद्य तो पिणार नाही, एवढेच देवदूत जखऱ्याला सांगतो. तरी जन्मापूर्वीच वेगळा केलेला मुलगा ही कल्पना तीच आहे.

प्रभू येशू मात्र नाजीर नव्हता. नाझरेथचा म्हणून नाझरेथकर. त्या नावाचा नाजीर या शब्दाशी गोंधळ करून त्याच्या लांब केसांचे स्पष्टीकरण देणारे लोक आम्हाला भेटले आहेत. काना गावच्या लग्नात त्याने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि याईराच्या मेलेल्या मुलीचा तर त्याने हात धरला. असा मनुष्य नाजीर कसा असेल? रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या प्राचीन भित्तिचित्रांत उत्तम मेंढपाळ म्हणून जो तरुण रंगवला आहे त्याला दाढी नाही आणि त्याचे केसही आखूड आहेत. खांद्यावर रुळणारे केस नंतरच्या चित्रकारांनी दिले. तेव्हा तसबिरीकडे बोट दाखवणाऱ्या मुलाचा मुद्दा येथे लंगडा पडतो.

पण वडिलांनीही लगेच हसू नये. प्रेषितांच्या कृत्यांचा 18 वा अध्याय सांगतो, की पौल करिंथहून निघाला तेव्हा किंख्रिया येथे त्याने नवस फेडण्यासाठी आपले केस कातरवून घेतले. किंख्रिया हे करिंथचेच बंदर. म्हणजे ज्या करिंथकरांना त्याने पुढे लांब केसांविषयी टोकले, त्यांच्याच गावात तो काही काळ न कापलेल्या केसांनी वावरत असला पाहिजे. त्याला आपले शब्द आणि आपले केस यांत विरोध वाटला नसावा. मिरवण्यासाठी वाढवलेले केस वेगळे आणि कोणाच्या तरी नावाने, मुदत घालून वाढवलेले वेगळे, हे यहुदी मनुष्याला सांगावे लागत नव्हते. करिंथच्या ग्रीकांना कदाचित लागत असावे.

पौलाच्या आयुष्याला शेवटचे वळणही याच नवसाने दिले. 21 व्या अध्यायात यरुशलेमचे वडीलजन त्याला सुचवतात, की नवस केलेले चार जण येथे आहेत, त्यांच्या मुंडनाचा खर्च तू कर. खर्च थोडाथोडका नव्हता. एकेका नाजीराला एक कोकरू, एक मेंढी आणि एक एडका द्यावा लागे. गरीब माणूस नवस तर करी, पण तो फेडायला त्याच्याकडे पैसा नसे. म्हणून सधनांनी त्याचा भार उचलणे हे पुण्यकर्म मानले जाई. हेरोद अग्रिप्पा राजानेही अनेक नाजीरांचे मुंडन करवल्याचे योसेफस हा इतिहासकार नोंदवतो. पौलाने खर्च पत्करला, तो मंदिरात गेला, तेथे दंगल उसळली आणि तो रोमी शिपायांच्या हाती सापडला. तेथून कैसरयेचा तुरुंग आणि मग रोम.

इ. स. 70 मध्ये मंदिर जळाले. मंदिर नाही म्हणजे यज्ञ नाही, आणि यज्ञ नाही म्हणजे नाजीराचा नवस फेडण्याची सोय नाही. त्यामुळे जगभरच्या यहुद्यांत ही चाल जवळजवळ बंद पडली. मग ती पेण-रोह्याकडे कशी राहिली? मंदिर पडण्यापूर्वी निघालेल्या लोकांनी ती बरोबर आणली, म्हणजेच आपला समाज फार प्राचीन आहे, अशी किहिमकरांची मांडणी. आम्हाला ती पूर्णपणे पटत नाही. ज्यांच्याकडे ग्रंथ उरले नव्हते त्यांच्याकडे ‘नाजीर’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकला असेल काय? स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली या समाजासाठी हिब्रू भाषेचे मराठी व्याकरण छापले. मिशनच्या शाळांतून, मराठी बायबलातून आणि कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांकडून त्यांना आपले ग्रंथ पुन्हा मिळाले. शेजारी हिंदू घरांत नवसाच्या मुलाचे जावळ राखून देवस्थानी काढण्याची रीत होतीच. मुसलमान घरांत अकीक्याच्या वेळी बाळाचे केस उतरवून त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करीत, आजही करतात. कोकणच्या या सामायिक चालीला ‘गणने’च्या अध्यायात आपले नाव सापडले, असेही घडले असेल.

तरी त्यामुळे नवसाची किंमत उणी होत नाही. आम्हाला त्यातला तराजू फार महत्त्वाचा वाटतो. केसांचे वजन करण्याची गोष्ट जुन्या करारातही एकदा येते. दाविदाचा मुलगा अबशालोम वर्षाकाठी केस कापी आणि ते राजाच्या वजनाने दोनशे शेकेल भरत. तेथे ते वजन रूपाच्या अभिमानाचे होते, आणि त्याचा शेवट एला झाडाच्या फांद्यांत डोके अडकून झाला. कोकणातल्या आईने तोच तराजू घेतला आणि त्याचा अर्थ पालटला. शिवाय सहा वर्षांच्या पोराचे केस भरून भरून भरणार किती? काही तोळे. तीन जनावरांचा यज्ञ यरुशलेमच्या गरिबाला झेपत नव्हता. रुप्याचे हे माप तेलघाण्याच्या घरालाही झेपण्याजोगे होते. (त्या केसांना तेलाची ददात नव्हती, हे वेगळे.)

डोक्यावरून धर्म ओळखण्याचा तो काळ होता. हिंदू पुरुष डोके तासून शेंडी राखीत. बेने इस्राएल डोके तासून दोन्ही कानांवर झुलपे ठेवीत. न्हाव्याच्या हातात माणसाची जमात असे. आपल्या ख्रिस्तसभेनेही या बाबतीत दोन्ही टोके पाहिली आहेत. मदुराईच्या येशूसंघीय रोबेर्तो दे नोबिली यांनी ब्राह्मण ख्रिस्ती शिष्यांना शेंडी व जानवे ठेवू दिले, त्यावरून रोमपर्यंत तक्रार गेली, आणि 1623 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्या चिन्हांना काही अटींवर मुभा दिली. इकडे गोव्यात पोर्तुगीज राजवट हिंदूंकडून शेंडीचा कर वसूल करीत असे. तो 1840 साली उठला. वसईपासून चौल-रेवदंड्यापर्यंत ज्या सत्तेच्या आश्रयाने आपली पहिली मंदिरे उभी राहिली, तीच ही सत्ता. तेव्हा दुसऱ्याच्या केसांविषयी बोलताना आपण जरा जपून बोलावे हे बरे.

आपल्या धर्मगुरूंच्या डोक्यावरही खूण होती. याजकपदाच्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्या तरुणाचे केस महागुरू क्रुसाच्या आकारात पाच ठिकाणी कातरीत. मुंडन कोणत्या आकाराचे असावे यावर एके काळी इंग्लंडातल्या ख्रिस्ती लोकांत तट पडले होते. 664 साली व्हिट्बी येथे भरलेल्या धर्मसभेत पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखेबरोबर तोही वाद होता. सहावे पोप पॉल यांनी 15 ऑगस्ट 1972 रोजी काढलेल्या आज्ञापत्राने हा मुंडनविधी रद्द केला. 1 जानेवारी 1973 पासून तो अमलात आला. त्याच सुमारास जगभरची तरुण मुले केस वाढवू लागली होती, हा निव्वळ योगायोग. पण सेमिनरीतल्या एखाद्या वृद्ध धर्मगुरूला तो तसा वाटला नसेल.

1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत बेने इस्राएल समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. ज्या गावांची नावे त्यांनी आडनावांत नेली, त्या गावांत आता मोजकी घरे उरली किंवा तीही नाहीत. 2016 साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, तो असा उशिरा. आपण कॅथलिक त्यांचे कोकणातले शेजारी. शब्बाथ, स्तोत्रे, अब्राहाम आणि एलिया हे आपले सामायिक धन. पण शास्त्रातला जिवंत नाजीर शेजारच्या तालुक्यात सापडतो, हे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलिया संदेष्ट्याचा अग्निरथ स्वर्गाला जाताना त्याला टेकला, अशी या समाजाची श्रद्धा. दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांतून सुटीला येणारे पेणकर आणि रोहेकर तेथे जातात आणि एलियाच्या नावाने मलिदा करतात. त्यात पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे असतात, आणि पोह्यांसाठी तर पेण आणि रोहा दोन्ही प्रसिद्धच आहेत.