अरल समुद्रातील बेट आणि दोन देशांचा करार

मध्य आशियातील अरल समुद्रातल्या वोझ्रोझ्देनिया बेटावर सोव्हिएत संघाने जैविक अस्त्रांच्या, म्हणजे रोगजंतूंचा शस्त्रासारखा वापर करणाऱ्या साधनांच्या, चाचण्या अनेक दशके घेतल्या. अशी अस्त्रे निषिद्ध ठरवणारा १९७२ चा करार मान्य केल्यानंतरही त्या थांबल्या नाहीत, ही त्या राजवटीची अक्षम्य प्रतारणा होय. १९८८ मध्ये अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत तग धरणारी त्या जंतूंची सुप्त अवस्था, ब्लीचिंग पावडर मिसळून पोलादी पिंपांतून तेथे आणून खड्ड्यांत पुरण्यात आले, परंतु त्यांतील काही जिवंतच राहिल्याचे पुढे मातीच्या तपासणीत आढळले. दरम्यान सिंचनासाठी नद्यांचे पाणी वळवल्याने समुद्र आटत गेला आणि बेट मुख्य भूमीला जोडले जाऊ लागले, त्यामुळे उंदरांसारखे प्राणी किंवा भंगार शोधणारी माणसे हा संसर्ग बाहेर नेतील, अशी रास्त भीती निर्माण झाली. सोव्हिएत विघटनानंतर बेटाचा हे खड्डे असलेला भाग उझबेकिस्तानकडे आला होता. या नवस्वतंत्र देशाने ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेशी करार केला आणि २००२ मध्ये संयुक्त पथकाने ते खड्डे उकरून दूषित माती क्लोरीनयुक्त रसायनाने निर्जंतुक केली.