शेवटची चाल

गोकुळाष्टमीचं जागरण पुण्यासाठी करतात, अशी माझी भाबडी समजूत होती. बोईसरला माझ्या सासुरवाडीत ते तीन पत्तीसाठी करतात. गेल्या अष्टमीला पहाटे तीनच्या सुमारास माझ्या हाती बदामाचा कलर आला. आयुष्यात प्रथमच! खिशात होतं नव्हतं ते सगळं, दुधाच्या बिलासकट, मी मध्ये टाकलं. मेव्हण्याने शांतपणे सत्ती, अठ्ठी, नव्वी मांडली आणि विचारलं, "भावोजी, बँकेत कर्जं अशीच देता का हो?"

दुसऱ्या दिवशी तोंड चुकवायला म्हणून तारापूरच्या किल्ल्याकडे गेलो. तिथे मला चिमाजीअप्पा आठवले. सगळं पणाला कधी लावावं, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

१७३७ साली मराठ्यांनी फिरंग्यांकडून ठाणं घेतलं, साष्टी घेतली. वसई मात्र मिळाली नाही. मी असतो तर तिथेच चिडून सगळं टाकलं असतं. अप्पांनी आधी किरकोळ वसुली केली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू आणि तारापूर घेतलं. म्हणजे आमच्या शाखेची बहुतेक खाती! उत्तर बाजू मोकळी झाली. ही वसुली फुकट नव्हती. बाजी भिवराव रेठरेकर याच तारापूरला पडले. ते पेशव्यांच्या घरच्यासारखे.

फेब्रुवारीत वसईला वेढा बसला आणि तिकडे दिल्लीवर नादिरशहा आला. बाजीरावांना उत्तरेत फौज हवी होती आणि फौज वसईच्या दलदलीत अडकलेली. त्यात पाऊस तोंडावर. तो सुरू झाला की दारू भिजणार, सुरुंग बुडणार. डाव उद्यावर ढकलता येत नव्हता. समोरच्याची स्थिती काय? फिरंग्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे कर्ज मागितलं, तेव्हा त्यांना चर्चची चांदी तारण ठेवावी लागली. माझ्यासारख्या कारकुनालाही कळतं की देवाची भांडी गहाण पडली म्हणजे खातं आटोपलं.

तेव्हा अप्पांनी सगळं लावलं. किल्ला मिळत नसेल तर निदान माझं डोकं तोफेने आत उडवा, असं ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. सुरुंग उडाले, काही भलत्या वेळी उडून आपल्याच माणसांवर कोसळले. पुन्हा हल्ले झाले. मे १७३९ मध्ये वसई पडली. मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. शरण आलेल्यांना अप्पांनी बायकामुलांसह, चीजवस्तूंसह जाऊ दिलं. जिंकल्यावर समोरच्याला घरी जायला भाडं ठेवावं, हे मेव्हण्याला कोणी शिकवलं नाही. पुढे दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १७४० मध्ये, अप्पाही गेले.

भिंतीला टेकून मी हिशेब केला. अप्पांनी आपली पानं पाहिली, समोरच्याचं तारण पाहिलं आणि आभाळ पाहिलं. मी फक्त बदाम पाहिले. शिवाय त्यांनी पणाला स्वतःचं डोकं लावलं होतं, दूधवाल्याचे पैसे नव्हे.

हे सगळं मी घरी येऊन बायकोला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दूधवाला उद्या सकाळी सहाला येतो. त्याला सांगा वसईचं."