मुंबईचे रान : शोध आणि संरक्षण

भिलाईच्या पोलादनगरीत, हथखोजच्या कारखान्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपणां मराठी जनांस मुंबई आठवते ती समुद्र, गिरण्या आणि आगगाड्यांतील गर्दी यांमुळे. परंतु त्याच महानगराला लागून सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य आजही उभे आहे आणि त्यात बिबळ्या नांदतो आहे. जमिनीच्या तसूतसूसाठी जेथे झुंज चालते, तेथे हे रान उरले कसे, याचा इतिहास उद्योगनगरीतील रहिवाशांनी जाणून घेण्याजोगा आहे.

या डोंगरांची ओळख प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून बौद्ध भिक्षूंनी कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी कोरली आणि पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात टाकी खोदली. पुढे कित्येक शतकांनी मुंबईलाही याच डोंगरांकडे पाण्यासाठी धाव घ्यावी लागली. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पूर्ण झाले. तलावांचे पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालचे रान राखणे भाग पडले. अरण्याला पहिले अभय मिळाले ते शहराच्या तहानेमुळे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

दुसरे अभय जिज्ञासेने दिले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांतील दोघे आपले होते. एक, प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे, वनौषधींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही व्यवसायाने वैद्यक. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि पशू, पक्षी, वनस्पती यांची शास्त्रशुद्ध नोंद होऊ लागली. एका चिमणीची ओळख पटविण्यासाठी याच संस्थेत आलेला बालक पुढे डॉ. सलीम अली म्हणून जगन्मान्य झाला. ज्याचे नावही ठाऊक नाही त्याच्या नाशाबद्दल कोणी दुःख करीत नाही. नोंदवह्यांनी मुंबईकरांना दुःख करण्याजोगे काही दिले.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान कायद्याने या रानाच्या काही भागास कायद्याचे कवच मिळाले. कृष्णगिरी, बोरिवली आणि अखेरीस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशी त्याची नावे आणि सीमा बदलत गेल्या. मात्र कायदा कागदावर आणि वस्ती डोंगरावर, असा विसंवाद वाढत गेला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि सहस्रावधी झोपड्या उठल्या. रान वाचले, परंतु त्याची किंमत प्रामुख्याने गरिबांनी मोजली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या वारली पाड्यांचा प्रश्नही त्यातच गुंतला. ज्यांना रानाची वाट न् वाट ठाऊक, त्यांनाच उपरे ठरविणारे संरक्षण न्याय्य म्हणता येत नाही, हेही या इतिहासाने शिकविले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. विहारच्या सांडव्यापासून वाहणारी, भरावांनी आक्रसलेली मिठी नदी शहरात शिरली आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. नदीचा मार्ग आणि तिवरांचे रान ही चैनीची वस्तू नव्हे, हे तेव्हा सर्वांस कळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला.

या साऱ्या वृत्तांताचे सार एवढेच, की शोध आधी आणि संरक्षण मागून. आपल्या परिसरातही जुने तलाव आहेत, शिवनाथेचा काठ आहे, हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी आहेत. त्यांची नोंद किती जणांनी केली? आठ जणांनी आरंभिलेले कार्य शंभराहून अधिक वर्षे टिकले. आपल्या मंडळात आठ माणसे निश्चितच निघतील. सुवर्णमहोत्सवी वर्षात एक साधी वही उघडून तलाव, वृक्ष आणि पक्षी टिपण्यास आरंभ करावा, आणि पहिली माहिती या मातीतल्या छत्तीसगढी बांधवांकडून घ्यावी. पुढल्या पिढीला रक्षण करावयाचे असेल, तर काय रक्षावयाचे ते आधी लिहून ठेवले पाहिजे.