डोमेन नाव

डोमेन नाव : इंटरनेटवरील यंत्रांना आकडी पत्ते असतात. ते आकडे पाठ करावे लागू नयेत म्हणून त्यांच्या जागी वापरायचे, अक्षरांत लिहिलेले नाव. बोलताना नुसते ‘डोमेन’. ‘डोमेन विकत घेतले’ असे सगळेच म्हणतात, पण ते कोणी विकत घेत नाही. ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदवून घेतो. डॉट कॉमची मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. म्हणजे व्यवहार खरेदीखतापेक्षा भाडेपट्ट्याच्या जवळचा.

या विषयात तीन गोष्टींची हमखास गल्लत होते : नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, ते नाव कोणत्या यंत्राकडे नेते, आणि संकेतस्थळाच्या फायली कुठे ठेवल्या आहेत. तिन्हींची दप्तरे वेगळी आणि बऱ्याचदा पैसे घेणारेही वेगळे. वेबसाइट करून देणारा तिन्हींचे मिळून एकच बिल लावतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला ती एकच वस्तू वाटते. ती एकच नव्हती हे बहुधा त्या माणसाशी बिनसल्यावर कळते.

रचना : डोमेन नाव उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. मराठी विश्वकोशाचा पत्ता घ्या : विश्वकोश डॉट मराठी डॉट जीओव्ही डॉट इन. अगदी उजवीकडचे ‘इन’ हे भारताचे देशनाम. त्याच्या पोटात सरकारी कार्यालयांसाठी राखलेले ‘जीओव्ही’, त्याच्या पोटात ‘मराठी’, आणि शेवटी ‘विश्वकोश’. पोस्टाच्या पत्त्यातही घर आधी, जिल्हा आणि राज्य नंतर. पण पत्र पोचवणारे खाते शेवटच्या ओळीपासूनच वाचायला लागते, तसेच हे. प्रत्येक टिंबापाशी अधिकार खालच्याकडे सोपवता येतो. ज्याच्याकडे ‘अमुक डॉट इन’ आहे त्याने त्याच्या डावीकडे हवी तितकी उपनावे काढावीत. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही आणि वेगळे शुल्कही पडत नाही.

पूर्वपीठिका : इंटरनेटच्या आधीच्या ‘अर्पानेट’ या जाळ्याच्या काळात नावे आणि पत्ते यांची एकच फाइल होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही पद्धत आवाक्याबाहेर गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची वाटून दिलेली, थरांची व्यवस्था मांडली. तीच डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस. आजही पायाभूत मानले जाणारे तिचे नियम १९८७ चे आहेत. डॉट कॉममधले पहिले नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. १९९५ पर्यंत नोंदणी फुकट होती. त्या वर्षी नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर आकारायला सुरुवात केली. १९९८ मध्ये या नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणारी ‘आयकॅन’ ही संस्था निघाली आणि १९९९ पासून डॉट कॉमची नोंदणी करून देण्याचा एकाच कंपनीचा मक्ता मोडला.

भारताचे डॉट इन १९८९ मध्ये मिळाले आणि त्याची जबाबदारी मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे आली. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात नोंदली गेलेली नावे सुमारे ७,०००. २००५ च्या आरंभी कारभार ‘निक्सी’कडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे गेला आणि कोणालाही थेट ‘अमुक डॉट इन’ घेता येऊ लागले. काही कप्पे मात्र राखीवच राहिले : ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांसाठी, ‘जीओव्ही डॉट इन’ सरकारसाठी. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘बँक डॉट इन’ या नव्या कप्प्यात जायला सांगितले, त्यामागचा हेतू सरळ होता : तिथे बँकेखेरीज कोणाला नाव मिळत नाही, तेव्हा बनावट संकेतस्थळ ओळखणे सोपे जावे.

नोंदणी : यात तीन पक्ष असतात आणि इंग्रजीत त्यांची नावे कानाला इतकी सारखी की गोंधळ होणारच. रजिस्ट्री म्हणजे त्या शेवटच्या अक्षरांची मूळ वही सांभाळणारी संस्था. डॉट कॉमची व्हेरिसाइन, डॉट इनची निक्सी. रजिस्ट्रार म्हणजे त्या वहीत नोंद करून देण्याची परवानगी असलेला दुकानदार. आणि रजिस्ट्रंट म्हणजे ज्याच्या नावावर नोंद होते तो, नावधारक. रजिस्ट्रारच्या हाताखाली पुन्हा रिसेलर असतात. या घाऊक धंद्यात मुंबईची डायरेक्टी ही १९९८ मध्ये सुरू झालेली कंपनी जगभर पसरली होती. तिचा हा व्यवसाय २०१४ मध्ये अमेरिकेतील एन्ड्युरन्स कंपनीने घेतला. गल्लीतला वेबसाइटवाला बहुधा अशाच एखाद्या साखळीचा शेवटचा दुवा असतो.

नाव मोकळे आहे का पाहायचे, पत्ता-ईमेल भरायचा, पैसे भरायचे, की पाच मिनिटांत नोंद होते. ते ईमेल कोणाचे, ही एकच बाब इथे महत्त्वाची. वेबसाइटवाल्याने घाईत स्वतःचेच नाव आणि ईमेल टाकले, तर दप्तरी नावधारक तोच. दुकानाची पाटी तुमची, पैसे तुमचे आणि सातबारा दुसऱ्याचा. नोंद कोणाच्या नावावर आहे हे पाहण्याची जुनी सोय ‘हूइज’ नावाने ओळखली जाते. आयकॅनच्या कक्षेतल्या, म्हणजे डॉट कॉमसारख्या, नावांसाठी जानेवारी २०२५ पासून तिची जागा ‘आरडॅप’ने घेतली. खासगीपणाच्या नियमांमुळे तिथे आता माणसाचे नाव सहसा झाकलेले असते, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते एवढे नक्की दिसते.

जोडणी : नोंद झाली म्हणजे संकेतस्थळ दिसू लागले असे नव्हे. नाव कुठल्या तरी यंत्राकडे ‘पॉइंट’ करावे लागते. हे दोन पायऱ्यांत होते. पहिली पायरी रजिस्ट्रारकडे : या नावाबद्दल कोणाला विचारायचे, हे तिथे लिहायचे. त्या उत्तर देणाऱ्यांना नेमसर्व्हर म्हणतात आणि ते किमान दोन लिहायची रीत आहे, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. दुसरी पायरी त्या नेमसर्व्हरवर : तिथे नावाच्या प्रत्यक्ष नोंदी असतात, त्यांना रेकॉर्ड म्हणतात. एकेक रेकॉर्ड म्हणजे एक ओळ. डावीकडे नाव, मग सेकंदांचा आकडा, मग प्रकार, शेवटी उत्तर. उदाहरणार्थ : एक्झाम्पल डॉट कॉम, ३६००, ए, १९२.०.२.१. (हे नाव आणि हा आकडा, दोन्ही फक्त उदाहरणे देण्यासाठीच राखून ठेवलेले आहेत, पाठ्यपुस्तकांतल्या राम-श्यामसारखे.) ‘ए’ म्हणजे आकडी पत्ता. ‘सीनेम’ म्हणजे ‘मला विचारू नका, त्या दुसऱ्या नावाला विचारा’. ‘एमएक्स’ म्हणजे टपाल कुठे टाकायचे. ‘टेक्स्ट’ म्हणजे मोकळा मजकूर, जो हल्ली बहुतेक वेळा नावाची मालकी किंवा टपालाचा खरेपणा पटवण्यासाठी वापरतात.

यातला सीनेम पुष्कळांना छळतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या नावावर तो चालतो, पुढे काही न लावलेल्या मूळ नावावर चालत नाही. कारण असे की सीनेम एकटाच राहतो, शेजारी दुसरी नोंद खपवून घेत नाही. आणि मूळ नावावर नेमसर्व्हरच्या नोंदी असाव्याच लागतात. काही कंपन्यांनी यावर आपापल्या पळवाटा काढल्या आहेत, त्या नियमात मात्र नाहीत.

बदल केल्यावर ‘पसरायला २४ ते ४८ तास लागतात’ असे सांगण्याची प्रथा आहे. खरे पाहता काहीच पसरत नाही. वाटेतल्या सर्व्हरांनी जुने उत्तर जवळ ठेवलेले असते आणि ओळीतला तो सेकंदांचा आकडा संपेपर्यंत ते तेच सांगत राहतात. आकडा ८६४०० असेल तर पुरे २४ तास. म्हणून जाणता माणूस स्थलांतराच्या आदल्या दिवशीच तो ३०० वर आणून ठेवतो. मग जुने उत्तर पाच मिनिटांत विरते. नेमसर्व्हरच बदलले तर वरच्या रजिस्ट्रीने दिलेला आकडा लागू होतो, तो आपल्या हातात नसतो.

नाव नव्या यंत्राशी पोचले तरी त्या यंत्रालाही ते ओळखता यायला हवे. एकाच आकडी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. फायली ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्याकडे आपले नाव दाखल केलेले नसेल, तर दारातून भलत्याच घरात शिरल्यासारखे होते किंवा ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो.

बदली : एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नाव नेणे, म्हणजे ट्रान्सफर. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो तसे. आयकॅनच्या कक्षेतल्या नावांना नियम सारखे आहेत. नाव घेतल्यावर किंवा एकदा बदली झाल्यावर पुढचे ६० दिवस बदली अडवता येते. आधी जुन्या रजिस्ट्रारकडचे कुलूप काढायचे, मग ऑथ कोड, म्हणजे बदलीचा परवलीचा शब्द, मागायचा. तो मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावाच लागतो. तो कोड नव्याकडे भरायचा, एका वर्षाचे पैसे भरायचे. जुन्याने पाच दिवसांत हरकत घेतली नाही तर नाव हलते. भरलेले वर्ष आधीच्या मुदतीत जमा होते, वाया जात नाही. जुन्याचे देणे थकले असेल तर ते वसूल करायला चालू मुदतीचे नाव ओलीस धरायची मुभा त्याला सहसा नाही. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ लोक उगाच हात जोडत बसतात. पण हा हक्क दप्तरी नावधारकाचा. नोंद वेबसाइटवाल्याच्या नावावर असेल तर नियम त्याच्या बाजूने उभा राहतो.

बदलीने संकेतस्थळ बंद पडू नये, कारण नेमसर्व्हर तेच राहतात. तरीही पडते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच : नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारने फुकट दिलेले असतात. गिऱ्हाईक गेले की तो ते आवरून घेतो. मुखपृष्ठ दिसेना हे लगेच लक्षात येते. टपाल येईनासे झाले हे मात्र दोन दिवसांनी, कोणी फोन करून ‘अहो, तुमचा मेल परत येतोय’ म्हणाले की. म्हणून कोडला हात लावण्याआधी सगळ्या रेकॉर्डची यादी उतरवून घ्यायची आणि नव्या जागी मांडायची. एमएक्स आणि टेक्स्ट विसरले जातात, ए सहसा नाही. नावावर डीएनएससेक ही सहीची व्यवस्था चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी तीही सोडवावी लागते. नाहीतर वर जुनी सही आणि खाली नवे उत्तर असा बेबनाव होऊन नाव काहींना दिसते, काहींना नाही.

कोड आणि कुलूप ही पद्धत का आली, हे सेक्स डॉट कॉमच्या प्रकरणावरून कळते. गॅरी क्रेमन यांनी १९९४ मध्ये नोंदलेले हे नाव १९९५ मध्ये स्टीफन कोहेन याने नेटवर्क सोल्युशन्सला एक बनावट पत्र धाडून आपल्या नावावर करून घेतले. एका पत्रावर! न्यायालयाने २००१ मध्ये कोहेनला साडेसहा कोटी डॉलर भरण्याचा हुकूम दिला, तोवर तो मेक्सिकोत पळाला होता. पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ताच आहे असे धरून नोंदणी कंपनीलाही जबाबदार धरण्याची वाट मोकळी केली.

मुदत : संपताक्षणी नाव जात नाही. डॉट कॉमला रजिस्ट्रारकडे ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येते, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि नंतर ते सर्वांना खुले होते. त्या क्षणावर टपलेले धंदेवाईक असतात. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि त्या नावावर अवलंबून असलेल्या हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने पदरचे पैसे भरले. आपल्याकडे वर्षातून एकदाच जागे होणाऱ्या संकेतस्थळांची, म्हणजे संमेलने, दिवाळी अंक, शाळांचे सुवर्णमहोत्सव यांची नावे अशीच जातात. सूचना येते ती सोडून गेलेल्या कार्यवाहांच्या ईमेलवर.

तंटे : नावसाधर्म्याचा भारतातला एक आरंभीचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. ‘रेडिफ’ने १९९९ मध्ये ‘रॅडिफ डॉट कॉम’विरुद्ध दाद मागितली. प्रतिवादीचे म्हणणे असे की आपण हे नाव ‘रॅडिकल’ची तीन अक्षरे आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’, ‘फ्री’ यांचे एकेक अक्षर जोडून बनवले. न्यायालयाला ते पटले नाही आणि मनाई झाली. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात स्पष्ट केले. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद पद्धत आहे.

देवनागरी नावे : २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ देवनागरीत सुरू झाले, मराठी आणि कोंकणीसह आठ भाषांसाठी. डीएनएसला मुळात रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच कळते. त्यामुळे देवनागरी नाव आत जाताना सांकेतिक रूप घेते. ‘भारत’चे रूप ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’. वापरणाऱ्याला ते दिसू नये अशी अपेक्षा असते, पण काही ईमेल सेवा आणि सरकारी-खासगी फॉर्म अजूनही असा पत्ता ‘अवैध’ ठरवतात.

मराठीपुरता एक खास पेच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. फरक एका रकाराचा. दुसऱ्या शब्दातला आडवा रकार संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, किंवा नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळी नावे. फसवणुकीला हे आयते रान. म्हणून सर्वोच्च थरावरच्या नावांच्या देवनागरी नियमांत अदृश्य चिन्हाला मज्जाव आहे आणि नुक्त्याच्या ऱ ला या एका कामापुरती जागा दिलेली आहे. पूर्वी फोनेटिक कळफलकावर शिकलेले पुष्कळ जण अजून पहिल्या तऱ्हेनेच टंकतात.