पायांखालची जमीन

घराचा इतिहास लिहिणारे बहुधा वर पाहून लिहितात. कोरीव खांब, महिरपी, हंड्या-झुंबरे, फार तर कौले. जमिनीकडे पाहावयाचे तर मान खाली घालावी लागते. आणि तशी ती घातली की तिथे हातात पोतेरे घेऊन कोण वाकले आहे, तेही दिसते.

वास्तविक सगळे गेले तरी मागे राहते ती जमीनच. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. कुडाच्या भिंती केव्हाच मातीला मिळाल्या होत्या. घर ओळखावयाचे ते चोपलेल्या जमिनीवरून आणि तीत खांबांसाठी खणलेल्या खळग्यांवरून. याज्ञवल्क्य स्मृतीत भूमी शुद्ध करण्याचे पुष्कळ उपाय दिले आहेत. झाडणे, जाळणे, शिंपणे, खरवडणे, गाईंनी त्यावरून चालणे, एवढेच काय, नुसता काळ लोटू देणे. घराच्या शुद्धीसाठी मात्र दोनच गोष्टी सांगितल्या आहेत: झाडणे आणि सारवणे. आपल्या आजीचा दिनक्रम स्मृतिकारांनी एका ओळीत आटोपला आहे म्हणा ना!

पण ती ओळ अंमलात आणणे सोपे नव्हे. आधी माती-मुरूम पसरून, पाणी शिंपून, चोपण्याने दिवस दिवस चोपावयाचे. मग शेणकाला. तो दाट झाला की वाळल्यावर पोपडे उठतात, पातळ झाला तर धूळ बसत नाही. हाताने अर्धवर्तुळे काढीत, मागे मागे सरकत, दाराशी येऊन संपवावयाचे, नाही तर आपणच ओल्यात अडकून पडावयाचे! कोकणात काल्यात कोळशाची पूड घालून जमीन काळीभोर करीत. शेणाने रोगजंतू मरतात असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. उलट त्यातून धनुर्वाताचे बीज येऊ शकते. शेणाचा खरा गुण निराळा आहे. त्यातले तंतू माती बांधून ठेवतात आणि उखडलेली जागा दर खेपेस नवी होते. अशी जमीन कोणी ‘स्वच्छ’ करीत नसे. ती पुन्हा पुन्हा घडवीत असे.

या जमिनीवर सरकारची नजर गेली ती प्लेगच्या वेळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग ओळखला. पुढच्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला, पुण्यात रँडची प्लेग समिती आली आणि सोजीर घरात शिरले. विष मातीत दडले आहे अशी समजूत; म्हणून जमिनी खणल्या, कार्बॉलिक ओतले, भिंतींना चुना फासला. माजघर आणि देवघर हे घरच्या बाईचे राज्य. तिच्या हाताने रोज लिंपलेली भूमी परक्याच्या बुटांखाली उकरली गेली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागच्या संतापात या उकरलेल्या घरांचाही वाटा होता. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले की रोग पसरवते ती उंदरावरची पिसू. तेव्हा माती सुटली. पण पुरती नव्हे. उंदरांना बिळे करून देणारी तीच होती.

दगडी फरशीची वाट दरम्यान आगगाडीने मोकळी केली होती. शहाबाद हे निजामाच्या मुलखातले गाव, आज कर्नाटकात आहे. १८७१ साली रायचूरला पोचलेला लोहमार्ग तिथूनच जातो. तिथला थरांचा चुनखडीचा दगड सहज लाद्यांत फुटतो आणि गाडीत चढतो. शहाबादी फरशीवर काथ्या आणि धुण्याचा सोडा चालतो; लिंबू, चिंच, व्हिनेगर मात्र तिला खातात. चकाकी आणण्यासाठी आंबट घासणारी गृहिणी दर खेपेस थोडा दगडच धुऊन टाकीत असते. तेल सांडले तर पुसत बसू नये. वर चुन्याची पूड रात्रभर पसरून ठेवावी, ती तेल ओढून घेते.

नक्षीच्या लाद्या आधी विलायतेहून येत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये त्या अजून पाहावयास मिळतात. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी ‘भारत’ नावाने सिमेंटच्या लाद्यांचा कारखाना काढला. नावातच स्वदेशी होती. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्याच्या कप्प्यांतून रंग ओततात, पाठीमागे सिमेंट घालून दाबतात, मग पाण्यात मुरू देतात. रंगाचा थर अगदी पातळ असतो. तीवर अ‍ॅसिड ओतणे म्हणजे नक्षी पुसणेच. साध्या पाण्याच्या फडक्याने मात्र ती वर्षागणिक उजळत जाते. दादर-गिरगावच्या जुन्या इमारती पाडताना या लाद्या राडारोड्यात जातात, याचे मला फार वाईट वाटते.

कठीण जमिनीने कष्ट वाचवले हे खरेच. पण मातीची जमीन डाग पोटात घेत असे, फरशी तो दाखवते. सणावाराचे सारवण गेले आणि रोजची फरशी पुसणे आले. ज्यांना परवडले त्यांनी ते मोलकरणीकडे सोपवले. गुडघे बदलले, वाकणे तेच राहिले. लांब दांड्याचे पुसणे फार उशिरा आले, आणि तेही कोपऱ्यात ठेवून ‘हातानेच नीट निघते’ असे सांगणारी घरे कमी नाहीत.

आता चकचकीत लाद्यांवर रांगोळी ठरत नाही. म्हणून दिवाळीच्या आदल्या दिवशी दारापुढे हातभर चौकोन गेरूने सारवून घेतात. तुळशीचे लग्न झाले की तो धुऊन काढतात. सांध्यांतला तांबडेपणा मात्र संक्रांतीपर्यंत जात नाही.