तांबेऱ्याशी सख्य

तांबेरा हा शब्द कानी पडताच शेतकऱ्याच्या काळजात धस्स होते. गव्हाच्या हिरव्या पानावर विटकरी रंगाची पुटकुळी उठावी, बोट लावताच तांबूस भुकटी हाताला लागावी, आणि पाहता पाहता भरू लागलेल्या ओंब्या पोचट व्हाव्यात, हा अनुभव महाराष्ट्राला पिढ्यानपिढ्यांचा आहे. १९४६-४७ सालच्या रब्बी हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतात व दख्खनेत गव्हाची जी धूळधाण केली, तिची नोंद कृषिशास्त्राच्या इतिहासात कायमची होऊन राहिली आहे. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी त्यापूर्वीच, अनेक वर्षांच्या परिश्रमांनी, असे दाखवून दिले होते की मैदानातील कडक उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा तग धरीत नाही. तो डोंगराळ थंड प्रदेशात दडून राहतो आणि दरसाल वाऱ्यावर स्वार होऊन पुन्हा खाली उतरतो. अशा ह्या सर्वपरिचित वैऱ्याला हाताशी धरून दुसऱ्या एका वैऱ्याचा बंदोबस्त करता येईल काय, हा प्रश्न गेल्या पन्नास-पाऊणशे वर्षांत शास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचारला आहे. त्याचा इतिहास उद्बोधक तर आहेच; पण मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सावध करणाराही आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात, पैनगंगेच्या अलीकडे, हिमायतनगर हे गाव आहे. त्याचे जुने नाव वाढोणा. श्रीपरमेश्वराच्या देवस्थानामुळे ते नाव अजूनही लोकांच्या तोंडी आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत असे. मुदखेडहून आदिलाबादेस जाणारा लोहमार्ग ह्याच गावावरून जातो, आणि सभोवतालच्या काळ्या रानात कापूस, तूर, सोयाबीन ही पिके डोलतात. परंतु मृगाचा पाऊस पडून गेला की मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि गावठाणाच्या पडीक जागेत आणखी एक पीक आपोआप उभे राहते. त्याची पाने गाजरासारखी कातरलेली आणि फुले बारीक, पांढरी व चांदणीसारखी असतात. कोणी त्याला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटकचांदणी. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. लावलेच तर दुधाला कडवट वास येतो. ते उपटणाऱ्या कित्येकांच्या हातापायांस व मानेस असह्य खाज सुटते. ह्या त्वचारोगाचा अभ्यास पुण्यातील वैद्यकांनी केला व त्याची माहिती १९७४ साली परदेशी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

हे गवत येथले नव्हे. त्याचे माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा अमेरिका खंडाचा प्रदेश. परदेशी गव्हाबरोबर ते आले, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे, आणि त्याचा फैलाव आयात धान्यामुळे वाढला हे शक्यही आहे. परंतु अमेरिकेशी झालेला धान्याचा तो प्रसिद्ध करार १९५६ सालचा. पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर हे रोप १९५१ सालीच दिसल्याची नोंद सांगितली जाते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्याच्या परिसरातील त्याच्या वाढीचा वृत्तांत १९५६ सालीच प्रसिद्ध केला. एवढेच नव्हे, तर कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील झाडांच्या १८१४ सालच्या सूचीतही त्याचे नाव आढळते. तेव्हा सगळा दोष एका करारावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. खरा प्रश्न निराळाच आहे. मायदेशी इतर झाडाझुडपांत सामान्यपणे वाढणारे हे रोप येथेच एवढे का माजावे?

त्याचे एक उत्तर असे की परदेशी आलेले रोप आपले शत्रू मायदेशीच ठेवून येते. तेथे त्याला खाणारे किडे असतात, त्याच्यावर जगणाऱ्या बुरश्या असतात. येथे त्याला कोणीच ओळखत नाही. एक झाड दहा-पंधरा हजार, आणि कधी त्याहूनही अधिक, बी धरते आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते. अशा रोपाला शत्रूच नसेल तर त्याचा विस्तार कोण रोखणार? म्हणून त्याचे जुने शत्रूही मागवून घ्यावेत, असा हा विचार आहे.

ह्या विचाराचा पहिला प्रत्यय जगाला भारतातच आला, आणि तोही अजाणता. १७९५ साली ब्राझीलमधून बंगालमध्ये एक किडा आणण्यात आला. ज्यापासून किरमिजी रंग मिळतो तोच हा किडा, अशी आणणाऱ्यांची समजूत होती, व त्याला निवडुंगावर पोसून रंगाचा व्यापार करावा असा बेत होता. किडा निघाला भलत्याच जातीचा; रंग जेमतेमच मिळाला, परंतु उत्तर व मध्य हिंदुस्थानातील निवडुंगाची बने त्याने साफ केली. १८३६ ते १८३८ च्या दरम्यान हाच किडा मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आला व तेथेही त्याने काम चोख बजावले. मात्र निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीला त्याने स्पर्शही केला नाही. तिच्यासाठी १९२६ साली सिलोनमार्गे निराळा किडा आणावा लागला. नैसर्गिक शत्रू वैऱ्याची जात पाहून वैर करतो, हा ह्या हकिकतीचा बोध होय.

किड्यांच्या मानाने बुरशीला ह्या कामी फार उशिरा पाचारण झाले, आणि त्याचे कारण उघड आहे. बुरशी म्हणजे पिकांचा रोग. ती मुद्दाम परदेशातून आणून मोकळी सोडायची, ही कल्पनाच भयावह वाटे. ते धाडस प्रथम ऑस्ट्रेलियाने केले. तेथील गव्हाच्या शेतांत कॉन्ड्रिला नावाचे एक चिवट, चिकाळ तण माजले होते. कापणीची यंत्रेही त्यात अडकून पडत. त्याच्यावर जगणारा तांबेरा दक्षिण इटलीतून आणून, पुष्कळ परीक्षा करून, १९७१ साली सोडण्यात आला. वाऱ्याने त्याला दूरदूर नेले व काही वर्षांतच ते तण पुष्कळ ठिकाणी हटले. परंतु ह्या तणाचे तेथे तीन प्रकार होते. तांबेऱ्याने अरुंद पानाच्या एकाच प्रकाराला गाठले, आणि ती जागा मोकळी होताच उरलेले दोन प्रकार तेथे पसरू लागले. तांबेऱ्याचे वैर निवडुंगाच्या किड्यापेक्षाही नेमके ठरले.

हा नेमकेपणा येतो कोठून? तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानाशिवाय वाढू शकत नाही. तिचा बीजाणू पानावर पडतो, पान काही तास ओले राहिले तर अंकुरतो, पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतो आणि पेशींतील रस शोषू लागतो. झाड मेले तर तिचाही आधार संपतो. अशा जन्माच्या सोयरिकीमुळे बहुधा प्रत्येक तांबेऱ्याचे यजमान ठरलेले असतात. गव्हाचा तांबेरा तुरीवर पडत नाही. जो गुण गव्हाच्या मुळावर आला, तोच गुण येथे उपयोगी पडतो.

गाजरगवतालाही मेक्सिकोत स्वतःचे तांबेरे आहेत. त्यांतील पक्सिनिया अब्रप्टा हा हिवाळी तांबेरा ऑस्ट्रेलियाने १९९१ साली क्वीन्सलँडमध्ये सोडला. त्याचा प्रभाव मर्यादित ठरला, म्हणून पुढे १९९९ पासून उष्णता सोसणारा दुसरा, उन्हाळी तांबेराही सोडण्यात आला. गंमत अशी की हा हिवाळी तांबेरा कोणी मुद्दाम न आणताही केनिया, इथिओपिया व भारत ह्या देशांत आढळला आहे. बहुधा गवताच्या पाठोपाठ तोही आला. भारताने स्वतः जाणूनबुजून जो परदेशी तांबेरा आणला, तो मिकॅनिया नावाच्या वेलीसाठी. ही वेल आसामातील चहाच्या मळ्यांना आणि केरळातील बागांना गुदमरवून टाकते. त्रिनिदादहून आणलेला तांबेरा दिल्लीच्या विलगीकरणात तपासून २००५ साली आसामात व २००६ साली केरळात सोडण्यात आला. आशियाच्या मुख्य भूमीवरील असा हा पहिलाच प्रयोग. परंतु तो तांबेरा भारतात रुजला नाही. पुढे तैवान, फिजी, पापुआ न्यू गिनी येथे मात्र त्याच जातीचा तांबेरा चांगला स्थिरावला. परीक्षागृहातले यश रानात उतरेलच असे नाही, हे ह्यावरून स्पष्ट होते.

आता हिमायतनगरच्या बांधाकडे पुन्हा वळू. हिवाळी तांबेऱ्याला थंड रात्र हवी आणि पानावर पुष्कळ वेळ टिकणारे दव हवे. इथिओपियात तो प्रामुख्याने १४०० मीटरांवरील थंड पठारांवर आढळतो. नांदेडची उंची साडेतीनशे मीटरांच्या घरात. येथले गाजरगवत मृगाच्या पावसाने उगवते आणि पोळ्याच्या सुमारास पांढरे शुभ्र फुललेले असते. त्या दिवसांत पाने ओली असतात, पण रात्री उबदार असतात. थंडी व दव पडावे मार्गशीर्ष-पौषात, आणि तोवर बहुतेक झाडांचे बी मातीत पडून गेलेले असते. वैरी आणि त्याचा वैरी ह्यांचे ऋतूच जुळत नाहीत. ज्या उन्हाळ्यामुळे मेहतांना गव्हाच्या तांबेऱ्याचे मूळ मैदानात सापडले नाही, तसलाच उन्हाळा ह्या तांबेऱ्याच्या आड येतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. गाजरगवत हे सूर्यफुलाच्या कुळातले. करडई, कारळे, झेंडू, शेवंती हीही त्याच गोतातली. आणि करडई म्हणजे मराठवाड्याच्या रब्बीचे जुने तेलबियांचे पीक. ह्या गोतातल्या एकावर रोग सोडायचा तर बाकीच्यांना त्याची बाधा होणार नाही ह्याची खात्री एकेका वाणावर करून घ्यावी लागते. ह्या बाबतीत केवढी जोखीम असते हे भुंग्याच्या प्रकरणात दिसले. गाजरगवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा बंगलोरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ साली आणून १९८४ साली सोडला. काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर आढळताच मोठा गदारोळ उठला व केंद्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडल्यामुळे भुंगे तिकडे वळतात, परंतु त्या पिकावर त्यांचा वंश वाढत नाही, असे संशोधनात दिसून आले. भुंगा निर्दोष ठरला. पण किडा निदान डोळ्यांना दिसतो व हाताने वेचता येतो. बीजाणू दिसत नाही, वारा त्याला कोठेही नेतो, आणि एकदा सोडल्यावर त्याला परत बोलावण्याचा उपाय नाही.

हा धोका टाळण्यासाठी अमेरिकेत दुसरी वाट चोखाळली गेली. तेथलीच एखादी बुरशी कारखान्यात वाढवून औषधासारखी शेतात फवारायची. हंगाम सरला की तिचा जोरही ओसरतो. भातशेतीतील एका तणासाठी असे बुरशीचे औषध १९८२ साली तेथे अधिकृतपणे विक्रीस आले. गाजरगवतासाठी अशा बुरश्यांचा शोध भारतातही, विशेषतः जबलपुरास, झाला आहे. पण परीक्षानळीतील यश आणि कोरड्या रानातील यश ह्यांत येथेही पानावरचा ओलावाच आडवा येतो.

मग मराठवाड्याने काय करावे? मेक्सिकन भुंगा हा येथल्या ऋतूंना मानवणारा ठरला आहे. तो कोरड्या दिवसांत मातीत निजून राहतो आणि पावसाबरोबर बाहेर येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तो वाढवून शेतकऱ्यांना पुरविण्याचे काम केले आहे. त्याची संख्या वाढेपर्यंत पुष्कळ झाडे फुलतात, हे खरे. म्हणून पडीक जागेत तरोट्याचे बी टाकून गाजरगवताला दाबणे आणि फुलण्यापूर्वी हातमोजे घालून ते मुळासकट उपटणे, ह्या गोष्टींची जोड त्याला द्यावी लागते. ह्यात चमत्कार नाही, व एका गावाने केले आणि शेजारच्याने सोडले तर फळही नाही.

तांबेऱ्याशी सख्य होऊ शकते, ह्याबद्दल आता शंका उरलेली नाही. परंतु ते सख्य जातिवंत मित्राचे नव्हे. आपापला स्वार्थ साधण्यापुरते जमलेले ते सख्य आहे. त्याचा स्वार्थ काय, तो कोणत्या हवेत जगतो आणि कोणाच्या घरी जेवतो, हे पुरते जाणून घेतल्यावाचून त्याला दार उघडणे शहाणपणाचे नाही. किरमिजी रंगासाठी किडा आणणाऱ्यांचे नशीब बलवत्तर होते, म्हणून चुकीचा पाहुणा येऊनही निवडुंगच मेला. ज्याच्या बांधावर गाजरगवत आहे आणि बांधाच्या आत करडई आहे, त्याला नशिबावर हवाला ठेवून चालणार नाही.