अवैध वाक्यरचनेची स्वीकृती

अवैध वाक्यरचनेची स्वीकृती हा संगणकीय भाषेच्या पार्सरमधील दोषाचा एक प्रकार आहे. भाषेच्या व्याकरणात न बसणारा मजकूर पार्सरने नाकारण्याऐवजी वैध मानला, की हा दोष उद्भवतो. जीसीसी या कंपायलर संचाच्या दोषनोंदींत अशा दोषांना ‘ॲक्सेप्ट्स-इन्व्हॅलिड’ अशी खूण केली जाते. वैध मजकूर नाकारण्याच्या उलट दोषाला ‘रिजेक्ट्स-व्हॅलिड’ म्हणतात. दुसरा दोष लगेच लक्षात येतो, तर पहिल्यात त्रुटीसंदेशच येत नसल्याने तो दीर्घकाळ दडून राहू शकतो.

उदाहरणे

*पायथॉन :* या भाषेत फंक्शनला नावासह मूल्य देताना बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे केवळ नाव असावे लागते. तरीही ‘मोज((दर)=किंमत)’ यासारखी कंसयुक्त रचना स्वीकारली जात असे. जुना पार्सर एका वेळी पुढचे एकच टोकन पाहून निर्णय घेई. त्यामुळे व्याकरणात डावी बाजू कोणतीही पदावली असू शकेल अशी सैल ठेवून ती नाव आहे की नाही, हे नंतर तपासले जाई. तोवर कंस गळून पडल्याने ‘(दर)’ आणि ‘दर’ यांत फरक उरत नसे. २०१९ मधील ३.८ आवृत्तीत ही रचना अवैध ठरवण्यात आली. २०२०च्या ३.९ आवृत्तीत पार्सरच बदलण्यात आला.

*पीएचपी :* शून्याने सुरू होणारी संख्या येथे अष्टमान मानली जाते व तीत ८ आणि ९ हे अंक चालत नाहीत. पूर्वी ‘०१२८’ ही संख्या निमूटपणे ‘०१२’, म्हणजे दशमान १०, अशी वाचली जाई. २०१५ मधील ७.० आवृत्तीपासून तेथे त्रुटी दाखवली जाते.

परिणाम व दुरुस्ती

पार्सरने स्वीकारलेली रचना प्रोग्रामर वापरू लागतात. त्यामुळे दोष दुरुस्त केल्यावर आजवर चालणारे प्रोग्राम बंद पडू शकतात. दुसऱ्या कंपायलरवर ते मुळातच चालत नाहीत. यासाठी चाचणीसंचात नाकारले जायलाच हवेत असे अवैध प्रोग्रामही समाविष्ट करतात. एचटीएमएल५ मध्ये मात्र सदोष मजकूर कसा वाचावा याचे नियमच ठरवून दिले आहेत. अशी हेतुपुरस्सर सवलत दोष मानली जात नाही.

मुंबईतील अभ्यास

मुंबई उपनगरातील पवई येथील आयआयटी मुंबईत कंपायलरचे अध्यापन व संशोधन चालते. तेथे प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे यांनी सिस्टिम प्रोग्रामिंगवर पाठ्यपुस्तके लिहिली आहेत. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे जीसीसीच्या अभ्यासासाठी संसाधन केंद्र चालवण्यात आले.